कूस बदलणारे हात

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हा नर्सिंगच्या शिक्षणातला अगदी सुरुवातीचा धडा. माकडहाड, टाचा, कोपरं, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू अशा जागी हाड कातडीच्या अगदी जवळ असतं. तिथे शरीराचा भार सतत पडत राहिला की रक्त पोचत नाही. कातडी आधी लाल होते, मग काळवंडते, मग फुटते. यालाच बेडसोअर म्हणतात. एकदा जखम खोल गेली की ती भरायला महिने लागतात, आणि जंतुसंसर्ग झाला तर तीच जिवावर बेतते. म्हणून दिवसरात्र मिळून बारा वेळा कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, चादरीची सुरकुती काढायची. वर्षाचा हिशेब केला तर ४,३८० वेळा.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात, चार नंबरच्या वॉर्डाला लागून असलेल्या एका खोलीत, एकाच बाईसाठी हे काम दशकानुदशकं चालू राहिलं. तिचं नाव अरुणा शानबाग. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची ही मुलगी केईएममध्येच परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्युटी संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली असताना तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने तिची दृष्टी गेली, वाचा गेली, भान गेलं. ती पंचवीस वर्षांची होती. हल्लेखोराला चोरी आणि खुनाच्या प्रयत्नासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. बलात्काराचा गुन्हा त्याच्यावर कधी लावलाच गेला नाही.

अरुणा १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेली. मधल्या जवळजवळ बेचाळीस वर्षांत केईएममध्ये परिचारिकांच्या किती तुकड्या आल्या आणि निवृत्त झाल्या. तिला कामावर पाहिलेली पिढी गेली, तरी पुढच्या पिढीने तिला आपलीच मानलं. मऊ केलेलं अन्न तिला तोंडाने भरवलं जाई. मासे तिला आवडत. मलेरिया होऊन तब्येत ढासळल्यावर नाकातून नळी घालावी लागली. एकदा महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचा विचार केला, तेव्हा परिचारिकांनीच विरोध करून तो हाणून पाडला. आणि सर्वोच्च न्यायालयात तिचा खटला उभा राहिला तेव्हा नोंद झाली ती हीच: सदतीस वर्षं अंथरुणावर असूनही या रुग्णाला एकही बेडसोअर झालेला नाही.

आयुष्याच्या शेवटी उपचार कधी थांबवावेत, कोणी थांबवावेत, याबद्दलचा आपल्या देशातला सगळा कायदा या खोलीतून सुरू होतो. अंथरुणावर परिचारिका होती आणि अंथरुणापाशी उभ्या होत्या त्याही परिचारिकाच. पुढे कायदा वाढत गेला, समित्या आल्या, अर्जाचे नमुने आले. त्या सगळ्यात परिचारिका मात्र कुठे दिसेनाशीच झाली.

पत्रकार आणि लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणाच्या वतीने याचिका केली, ती तिचं कृत्रिम भरण थांबवून तिला शांतपणे जाऊ द्यावं यासाठी. न्यायालयाने मुंबईतल्या तीन डॉक्टरांना तपासणीसाठी नेमलं. त्यांनी अरुणाला पाहिलं आणि वॉर्डातल्या लोकांशीही ते बोलले. तिचा मेंदू मृत नव्हता, ती स्वतःचा श्वास घेत होती, आवडीचं तोंडात पडलं की तिचा चेहरा बदले, असं सांगितलं गेलं. कर्मचाऱ्यांचं म्हणणं ठाम होतं: ती नैसर्गिकरीत्या जाईपर्यंत आम्ही तिचं करू.

७ मार्च २०११ च्या निकालात न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली, पण एक दार उघडलं. जिवंत ठेवणारे उपचार थांबवण्याला, उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन, या देशात पहिल्यांदा मार्ग मिळाला. या निकालातली एक गोष्ट फारशी आठवली जात नाही. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने विराणी यांना दिला नाही, तो केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. उद्या त्यांचं मत बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा, असंही निकालात म्हटलं आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं ताप पाहिला, तोंड पुसलं, कूस बदलली, त्यांना रुग्णाचे जवळचे लोक म्हणून न्यायालयाने मान्यता दिली. निकालानंतर केईएममध्ये मिठाई वाटली गेली.

इथे थांबून एक अवघड प्रश्न विचारायलाच हवा. परिचारिकांना अरुणा हवी होती हे खरं. पण अरुणाला काय हवं होतं? ते कोणालाच माहीत नव्हतं. पंचविशीतली, लग्न ठरलेली मुलगी आपल्या मरणाबद्दल काही लिहून ठेवत नाही. दीर्घ शुश्रूषेतून निर्माण होणारी माया फार मोठी असते, पण त्या मायेलाच रुग्णाची इच्छा समजलं तर चूक होऊ शकते. विराणी यांचा प्रश्न त्यामुळे गैरलागू ठरत नाही. ज्याचं अंथरूण त्याचा शब्द पहिला; आणि तो शब्द मिळायचा असेल तर माणूस बोलू शकतो तोवर त्याला विचारलं पाहिजे.

हे विचारणं कायद्यात आलं ते ९ मार्च २०१८ ला. 'कॉमन कॉज' या संस्थेने २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरण्याचा हक्कही येतो. शुद्धीवर असलेला सज्ञान माणूस उपचार नाकारू शकतो. आणि शुद्ध हरपल्यावर, बरं होण्याची आशा नसताना, आपल्याला व्हेंटिलेटर लावावा की नाही, नळीने अन्न द्यावं की नाही, हे तो आधीच लिहून ठेवू शकतो. या कागदाला इंग्रजी नावाने 'लिव्हिंग विल' म्हणतात. मराठीत 'वैद्यकीय इच्छापत्र' हा शब्द रुळतो आहे.

वर्तमानपत्रं मात्र यालाच सरसकट 'इच्छामरण' म्हणतात आणि त्या शब्दाने बराच घोटाळा होतो. इच्छामरण म्हटलं की शरपंजरी पडलेले भीष्म डोळ्यांपुढे येतात: मी ठरवीन तेव्हा मी जाईन. कायद्याने दिलेलं ते नाही. २०१८ च्याच सुमाराला दक्षिण मुंबईतल्या एका वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून, कोणताही असाध्य आजार नसताना, आम्हाला डॉक्टरांच्या हातून मरण द्यावं अशी विनंती केली होती. त्याला या निकालात जागा नाही. इंजेक्शन देऊन जीव घेणं हा आजही गुन्हाच आहे. देणारा डॉक्टर असो, परिचारिका असो की पोटचा मुलगा, आणि रुग्णाने कितीही हात जोडले तरी. कायद्याने मान्य केलं आहे ते एवढंच, की मरण येतच असेल तर यंत्रं आणि औषधं लावून ते लांबवू नये. महाराष्ट्राला जवळचं उदाहरण विनोबांचं. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर पवनारच्या आश्रमात त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं सोडलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. डॉक्टर होते, इंदिरा गांधी भेटून गेल्या. पण शुद्धीवरचा माणूस नको म्हणतो आहे, तेव्हा बळजबरी झाली नाही. शुद्धीवरच्या माणसाचा नकार मानण्याची ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या कागदावर यायला पुढे छत्तीस वर्षं गेली.

२०१८ ची पद्धत मात्र इतकी किचकट होती की ती कोणाच्या उपयोगी पडणं अवघड होतं. इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही, मग रुग्णालयाचं मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं दुसरं मंडळ, मग दंडाधिकाऱ्यांची प्रत्यक्ष भेट. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या संघटनेनेच पुन्हा न्यायालयात धाव घेतली आणि २४ जानेवारी २०२३ ला नियम सोपे झाले. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ मिळून प्राथमिक मंडळ बनतं. जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ मिळून दुय्यम मंडळ. दोघांनीही शक्यतो ४८ तासांच्या आत मत द्यायचं. अंमलबजावणीआधी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं. इच्छापत्र नसेल तर जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने याच वाटेने जाता येतं. मतभेद झाले तर उच्च न्यायालय आहेच.

इच्छापत्राची एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची, असंही यात आहे. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं इच्छापत्र केलं आणि ते स्वीकारायला अधिकारीच नेमलेला नाही असं लक्षात आल्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर राज्य सरकारने ठिकठिकाणी असे अधिकारी नेमले. गोव्यात २०२४ साली पहिलं इच्छापत्र नोंदवलं ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्या. महेश सोनक यांनी. न्यायमूर्तींनी स्वतः पुढे होऊन सही केली, याने लोकांची भीड चेपायला मदत झाली असणार.

ही सगळी यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी. डॉक्टर, तज्ज्ञ, मुख्य वैद्यकीय अधिकारी, दंडाधिकारी, नोटरी, नगरपालिकेचा अधिकारी. दोन्ही मंडळांत मिळून सहा जण, सगळे डॉक्टर. बारा तासांच्या रात्रपाळीत रुग्णाशेजारी असणारी, कण्हण्याचा आवाज बदलला तर पहिल्यांदा ओळखणारी, मुलगा काय म्हणाला आणि सून काय म्हणाली हे दोन्ही ऐकलेली सिस्टर या यादीत नाही. तिचं मत विचारावं असं कोणत्याही टप्प्यावर बंधन नाही. २०११ मध्ये केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिलेली जागा पुढच्या कायद्यात परिचारिकेला उरली नाही. ही उणीव आहे आणि ती भरून काढायला हवी, कारण निर्णय सहा जणांनी घेतला तरी तो अमलात येतो तिच्या हातून.

तो कसा येतो, हे वॉर्डात पाहिल्याशिवाय कळत नाही.

रात्रीचे अडीच वाजलेत. कॅन्सर सगळीकडे पसरलेले ऐंशीच्या घरातले आजोबा. संध्याकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर जाता जाता हळूच म्हणालेत, "सिस्टर, यांना काही झालं तर फार काही करू नका." केस पेपरवर मात्र काहीच लिहिलेलं नाही. अडीचला मॉनिटरवरची रेघ सपाट होते. आता सिस्टरने काय करायचं? लेखी आदेश नसेल तर तिने छाती दाबायलाच हवी. छाती दाबणं म्हणजे मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल; म्हाताऱ्या हाडांच्या माणसाच्या बरगड्या यात मोडतात आणि मोडल्याचं हाताला कळतं. तिने दाबलं तर एका मरणाऱ्या माणसाला शेवटच्या क्षणी यातना दिल्या. नाही दाबलं आणि सकाळी पुण्याहून आलेल्या पुतण्याने विचारलं, "तुम्ही प्रयत्न का नाही केले?", तर तोंडी आदेश देणारे डॉक्टर ते आठवून सांगतीलच असं नाही. हलगर्जीपणाचा ठपका मग कागदावर जिची सही आहे तिच्यावर येतो. म्हणून काही ठिकाणी तिसरा आणि सगळ्यात वाईट मार्ग निघतो: पडदा ओढायचा आणि नातेवाइकांच्या समाधानासाठी हळूहळू, वरवर दाबल्यासारखं करायचं. रुग्ण आणि नातेवाईक दोघांचीही यात फसवणूक होते, आणि करणाऱ्याच्या मनावर ती वर्षानुवर्षं राहते.

यावर उपाय कागदाचाच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० मध्ये हृदय बंद पडल्यावर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये अशा आदेशाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्णाशी, किंवा तो बोलू शकत नसेल तर जवळच्यांशी, नीट बोलून उपचार करणाऱ्या डॉक्टरने हा निर्णय लिहून ठेवायचा. त्यात एक गोष्ट ठसठशीतपणे आहे: हा आदेश फक्त छाती दाबण्यापुरता आहे. प्रतिजैविकं, प्राणवायू, वेदनाशामक, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं यातलं काहीही त्यामुळे थांबत नाही. हे सांगावं लागतं, कारण फाइलवर असा शेरा पडला की 'त्या पेशंटचं आता काही करायचं नाहीये' अशी हवा वॉर्डात तयार होते, घंटा वाजली तरी पाय रेंगाळतात. जाणकार इन्चार्ज सिस्टर हे होऊ देत नाही. त्या खाटेपाशी ती दोन फेऱ्या जास्तच मारते.

व्हेंटिलेटर काढण्याची गोष्ट वेगळी. सुरूच न करणं आणि सुरू केलेलं थांबवणं यांत कायदा आणि नीतिशास्त्र फरक मानत नाहीत, दोन्हींचं कारण एकच. पण हाताला फरक वाटतो. सगळ्या सह्या झालेल्या असतात, मंडळांनी मत दिलेलं असतं, तरी नळीची चिकटपट्टी सोडवताना बोटं थबकतात. अशा वेळी तयारी बहुतेक शुश्रूषेचीच असते. आधी धाप लागू नये म्हणून औषध, मग घशातला स्राव ओढून काढणं, मॉनिटरचा आवाज बंद करणं, खाटेचा कठडा खाली करून बायकोला नवऱ्याचा हात धरता येईल अशी खुर्ची ठेवणं. श्वास पुढे दहा मिनिटं चालेल की दोन दिवस, हे आधी सांगितलेलं असावं लागतं, नाहीतर तो चालूच राहिला की घरचे घाबरून म्हणतात, "अहो, हे तर जिवंत आहेत, लावा परत!"

सगळ्यात जास्त भीती असते मॉर्फिनची. अफूपासून मिळणारं हे औषध, म्हणून १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने त्याला इतक्या परवान्यांत जखडलं की वेदनेने तळमळणाऱ्यांना ते मिळेनासं झालं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या पाठपुराव्यानंतर २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मॉर्फिनसह काही औषधं 'अत्यावश्यक' मानून नियम सुटसुटीत केले गेले. तरी वॉर्डात ते कुलपातच असतं. किती आलं, किती दिलं, कोणी दिलं याची नोंद ठेवावी लागते. सिस्टरच्या मनातली धास्ती त्या कुलपाहून मोठी असते. मी इंजेक्शन दिलं आणि पाऊण तासाने आजी गेल्या. माझ्यामुळे?

याचं उत्तर नीतिशास्त्रात फार जुनं आहे. हेतू वेदना कमी करण्याचा असेल, मात्रा त्या वेदनेला साजेशी असेल, तर क्वचित श्वास मंदावला तरी त्याला हत्या म्हणत नाहीत. पण वैद्यकीय अनुभव त्याहून दिलासा देणारा आहे. थोड्या मात्रेपासून सुरू करून बेताने वाढवलेलं मॉर्फिन सहसा मरण लवकर आणत नाही. आजी गेल्या त्या आजाराने. हे पद्धतशीरपणे दाखवून दिलं ते इंग्लंडच्या सिसिली सॉन्डर्स यांनी. त्या आधी परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावं लागलं, मग समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर. वेदना परत यायची वाट न पाहता ठरावीक तासांनी औषध द्यायचं, हा त्यांचा आग्रह होता. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून शेवटच्या दिवसांतल्या वेदनाशमनाच्या आणि शुश्रूषेच्या शाखेला आजचं रूप आलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्याला उघडलं. पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं असंच केंद्र आहे. अशा ठिकाणी काम केलेली सिस्टर मॉर्फिनला घाबरत नाही. ती आधी विचारते, जुलाबाचं औषध सोबत लिहिलंय का? कारण मॉर्फिनने हमखास होते ती बद्धकोष्ठता, आणि शेवटच्या दिवसांत ती वेदनेइतकीच छळते.

अन्नपाण्यावरून होणारा ताण आपल्या घराघरांतला. मरणाच्या जवळ गेलेलं शरीर अन्न मागत नाही, पचवतही नाही. पण आईला चार दिवस पोटात काही नाही, हे मुलीला सहन होत नाही. ती डॉक्टरांना विचारायला लाजते, सिस्टरलाच धरते: "ताई, थोडी पेज भरवू का?" गिळता येत नसताना भरवलेली पेज श्वासनलिकेत जाते आणि गुदमरायला होतं. सरळ 'नाही' म्हटलं तर मुलीच्या मनात कायमची सल राहते. आणि शेवटच्या घटकेला गंगाजल आणि तुळशीपत्र येतंच. पितळी गडू, कोणीतरी बोटाने तुळशीचं पान पुसतंय, सगळे सिस्टरकडे पाहतायत. अतिदक्षता विभागात बाहेरचं पाणी चालत नाही, असा नियम ती सांगू शकते. पण बहुतेक जणी तसं करत नाहीत. खाटेची डोक्याकडची बाजू थोडी उचलतात, रुग्णाचं तोंड एका कुशीला करतात, कापसाचा बोळा गंगाजलात बुडवून पिळून मुलीच्या हातात देतात आणि म्हणतात, "ओठांवरून फिरवा, गालाच्या आत थोडं टेकवा. पान जिभेवर नको, ओठांवर ठेवा." विधी होतो, ठसका लागत नाही. शिवाय कोरडे पडलेले ओठ ओले होतात, जे एरवीही दर दोन तासांनी करायचंच असतं.

मग खरं बोलण्याचा प्रश्न. "बाबांना कॅन्सरचं सांगू नका हं सिस्टर, खचतील ते." प्रेमापोटीच म्हटलेलं असतं. पण बाबा दिवसा मुलांसमोर गप्प असतात आणि रात्री सलाइन बदलायला आलेल्या सिस्टरला विचारतात, "मी यातून उठत नाही ना?" निदान सांगण्याचं काम डॉक्टरांचं, तिने परस्पर सांगायचं नाही. पण खोटंही बोलायचं नाही. उपचारांच्या निर्णयात सहभागी होण्याचा हक्क रुग्णाचा आहे आणि तो जपणं परिचारिकेचं काम आहे, असं इंडियन नर्सिंग कौन्सिलची आचारसंहिताच सांगते. अशा वेळी अनुभवी सिस्टर हातातलं काम थांबवून उलट विचारते, "बाबा, असं का वाटतंय तुम्हाला?" आणि ऐकते. बरेचदा त्यांना सगळं माहीतच असतं. त्यांना घरी जायचं असतं, किंवा गावाकडच्या जमिनीचं काहीतरी सांगायचं असतं. सकाळी ती डॉक्टरांना कळवते की यांच्याशी बोला, हे विचारतायत. वैद्यकीय इच्छापत्राची खरी सुरुवात अशा एका प्रश्नापासून होते. मुद्रांक कागद नंतर येतो.

आणि ज्यांना घरी जायचं असतं, त्यांना घरी नेतातही. पैसे संपलेले असतात, आशा संपलेली असते, किंवा मरण आपल्या उंबऱ्याच्या आत यावं अशी इच्छा असते. मंडळं, तज्ज्ञ, ४८ तास हे सगळं तालुक्याच्या रुग्णालयात कुठून आणायचं? मग डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं जातं, 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत', आणि मुलगा सही करतो. प्रत्यक्षात बरेचदा सल्ला डॉक्टरांनीच दिलेला असतो, 'घरी न्या' म्हणून. कागद मात्र सगळा भार मुलावर टाकतो. अँब्युलन्समध्ये कोणीतरी हाताने श्वासाचा फुगा दाबत बसतं, घर आलं की नळी निघते. पुढे काय होईल, धाप लागली तर काय द्यायचं, हे त्या घराला कोणी सांगितलेलं नसतं. मध्यरात्री माणूस गेला की घरी झालेल्या मृत्यूचा नमुना ४-अ भरून देणारा डॉक्टर शोधत भाऊ मोटारसायकलवर हिंडतो. या वाटेने जाणाऱ्यांची गोष्ट न्यायालयापर्यंत पोचत नाही. केरळमध्ये घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका पंचायतींमार्फत काम करतात. २००८ मध्ये त्या राज्याने त्यासाठी धोरणच केलं. आपल्याकडे अशा घरांपर्यंत पोचायचं असेल तर रस्ता तोच आहे: औषधांची पिशवी घेऊन घरी येणारी, फोन उचलणारी प्रशिक्षित सिस्टर.

मरणानंतरही कायदा तिचा हात सोडत नाही. अपघात, विषबाधा, भाजणं अशा पोलिसांत नोंद झालेल्या मृत्यूत शवविच्छेदन व्हायचं असेल तर कोणतीही नळी, कोणतीही सुई काढायची नाही, कारण तो पुरावा आहे. आई म्हणते, "निदान ती तोंडातली नळी तरी काढा हो, कसं पाहू मी तिला असं?" सिस्टर काढू शकत नाही. ती चेहरा ओल्या बोळ्याने पुसते, पापण्या मिटते, केस मागे सारते, चादर गळ्यापर्यंत ओढून नळीची बाजू भिंतीकडे होईल असं डोकं वळवते. मग आईला आत बोलावते.

हे सगळं कोणत्याही मंडळाच्या अहवालात येत नाही. ते येतं पाळी बदलताना, खाटांमधून चालत केलेल्या हँडओव्हरमध्ये. रात्री आठला निघणारी सिस्टर वही उघडून येणारीला सांगते: सहा नंबर, इच्छापत्र आहे, प्रत फाइलच्या पहिल्याच पानाला लावलीय, दोन्ही मंडळांचं झालं, दंडाधिकाऱ्यांना कळवलं. छाती दाबायची नाही, डॉक्टरांची सही आहे, बघून घे. मॉर्फिन दहाला आणि दोनला. डाव्या टाचेला लालसर वाटतंय, उशी टाचेखाली नको, पोटरीखाली ठेव. धाकटी मुलगी बारामतीहून निघालीय, ती पोचेपर्यंत व्हेंटिलेटर काढायचा नाही असं ठरलंय. कूस साडेसातला बदललीय.